कायदा एक, अंमल छत्तीस

‘एक देश, एक बाजार’ या घोषणेमागे एक समजूत आहे आणि ती जवळजवळ सर्वमान्य आहे. नियम सगळीकडे सारखे केले, नाके उठवले, कर एक केला की बाजार आपोआप एक होतो, असे ती समजूत सांगते. १४ एप्रिल २०१६ ला ‘ई-नाम’ सुरू झाले तेव्हा हेच सांगितले गेले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला तेव्हाही हेच. २०२० च्या तीन कृषी कायद्यांच्या बाजूने बोलणारे हेच म्हणत होते, आणि ते कायदे मागे घ्यायला लावणाऱ्यांनीही वाद घातला तो मुख्यतः नियम कोणी करावा यावर. झालेला नियम कोणाच्या दारात लागू होतो, कोणाच्या दारातून परत फिरतो आणि हे पाहण्याची सोय कोणाला आहे, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी गौण मानला.

माझे म्हणणे असे की हाच मूळ प्रश्न आहे. बाजार एक आहे की नाही हे कायद्याच्या मजकुरावरून ठरत नाही, त्याच्या अंमलावरून ठरते. अंमल सगळीकडे सारखा आहे का, हे कळण्याचा मार्ग एकच: कोणाची तपासणी झाली, काय सापडले, कारवाई काय झाली आणि झाली नसेल तर का नाही, हे सर्वांना वाचता आले पाहिजे. जिथे हे झाकलेले आहे तिथे देशाचा कायदा एक असला तरी अठ्ठावीस राज्ये आणि आठ केंद्रशासित प्रदेश मिळून छत्तीस बाजार चालू असतात.

दिल्लीपेक्षा हे उमरखेडातून अधिक स्पष्ट दिसते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे हदगाव, म्हणजे एकेकाळचा निजामाचा मुलूख; किनवट ओलांडले की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. इथल्या शेतात पडणारे कापसाचे बियाणे जालन्याहून किंवा हैदराबादेहून येते, फवारणीचे औषध बहुधा गुजरातच्या कारखान्यातले असते, आणि गाठी बांधून झालेला कापूस दक्षिणेतल्या किंवा पश्चिमेतल्या गिरणीत जातो. इतक्या राज्यांचा अंमल एका शेतावर येऊन मिळत असताना त्यातले काहीच शेतकऱ्याला दिसत नसेल, तर समान नियमाचा त्याला उपयोग किती?

१. पैनगंगेकाठचा जुना धडा

या विषयात वऱ्हाडाला बोलण्याचा हक्क थोडा अधिक आहे. देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ मध्ये कारंज्याला झाला असे मानले जाते, आणि कापूस व धान्याच्या बाजारांसाठीचा वऱ्हाडचा कायदा १८९७ चा आहे. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजारांची शिफारस केली तेव्हा वऱ्हाडचा हा अनुभव त्याच्यासमोर होता. अशा बाजारांनी पुढे जे साधले त्याचे सार उघडेपणात आहे. त्याआधीची रीत हत्त्याची. दलाल आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल, त्यालाच तो भाव कळत नसे. नियंत्रित बाजारांनी हत्ता मोडून उघड लिलाव आणला, तोलणाऱ्याला परवाना लावला, अडत आणि हमालीचे दर ठरवून दिले. शेतकऱ्याची पत किंवा व्यापाऱ्याचे मन यांपैकी काहीही न बदलता केवळ व्यवहार डोळ्यांसमोर आल्याने सौद्याचे वजन पालटले. भाव उपरण्याखालून बाहेर आला. अंमल मात्र अजून तिथेच आहे.

त्याचा पुरावा म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी योजना. शेजारच्या पुसद तालुक्यातले वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७१ चा कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून महाराष्ट्रातला कापूस पणन महासंघालाच विकणे बंधनकारक झाले. जवळपास तीन दशके हा एकाधिकार टिकला. योजनेमागचा हेतू प्रामाणिक होता: व्यापाऱ्याच्या मर्जीतून शेतकरी सोडवायचा, हमीभाव द्यायचा आणि पुढे कापसाला जास्त भाव मिळाला तर तोही वाटून द्यायचा. पण राज्याची सीमा हीच बाजाराची सीमा झाली आणि अंमलाचे सगळे ओझे नाक्यांवर आले. बाहेर भाव चढा असला की कापूस रात्री सीमेपलीकडे जाई; इथला हमीभाव चढा असला की बाहेरचा कापूस आत येई. शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली ती आपला माल हवा तिथे विकण्याच्या हक्कासाठी.

या योजनेच्या अपयशाची चर्चा आजही तोटा आणि राजकारण एवढ्यावरच थांबते. मला त्यात आणखी एक कारण दिसते. कोणत्या नाक्यावर किती गाड्या अडवल्या, कोणाचा माल जप्त झाला आणि कोणाचा सुटला, कोणत्या केंद्रावर बाहेरचा कापूस इथला म्हणून मोजला गेला, याचा हिशेब सामान्य शेतकऱ्यापुढे कधी मांडला गेला नाही. त्यामुळे बैलगाडीवाला अडतो आणि ट्रकवाला सुटतो अशी खात्री गावोगाव पसरली. ती खरी होती की खोटी हे ठरवायला काहीच साधन नव्हते, आणि ज्या कायद्याबद्दल अशी खात्री पसरते तो कायदा पाळणारा माणूस स्वतःला मूर्ख समजू लागतो. कायद्याची पत जाते ती इथे.

२. केंद्राचा कायदा, राज्याचा हात

एकाधिकार गेला. आज शेतीच्या निविष्ठांचा बाजार कागदोपत्री राष्ट्रीय आहे. बियाण्यांचा कायदा १९६६ चा, कीटकनाशकांचा १९६८ चा, खत नियंत्रण आदेश १९८५ चा, तिन्ही केंद्राचे. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमतही २०१५ च्या आदेशानंतर केंद्रच ठरवते. २०२५ च्या खरिपात बीजी-२ चे ४७५ ग्रॅमचे पाकीट ९०१ रुपयांचे होते, यवतमाळलाही आणि आदिलाबादलाही. पण नमुना घेणारा गुणनियंत्रण निरीक्षक राज्याचा, प्रयोगशाळा बहुतेक राज्याची, खटला भरायचा की नाही हे ठरवणारा अधिकारीही राज्याचा. बियाणे कायद्यात नमुन्याच्या अहवालाची एक प्रत निरीक्षकाला आणि एक ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला देण्याची तरतूद आहे. त्याच लॉटचे पाकीट घेऊन गेलेला शेतकरी या दोघांत बसत नाही. नमुना घेणे, पाठवणे, उगवणशक्ती तपासणे आणि अहवाल येणे यात आठवडे जातात, तोवर पेरणी होऊन गेलेली असते. लॉट नापास ठरला तरी ते त्याला कळते ते रिकाम्या तासांवरून. आणि नापास ठरल्यावर शिक्षा काय? मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. सहा दशकांपूर्वीचा हा आकडा पाहून सगळे संतापतात आणि शिक्षा वाढवण्याची मागणी करतात. संताप रास्त आहे, पण ज्या कारवाईची बातमीच कोणाला लागत नाही तिची शिक्षा पाचशेची असो की पाच लाखांची, बाजाराला ती सारखीच अदृश्य.

परवानगी नसलेल्या तणनाशकसहनशील कापसाचे, म्हणजे एचटीबीटीचे, उदाहरण याहून बोलके आहे. केंद्राच्या जनुकीय मूल्यांकन समितीने त्याला मान्यता दिलेली नाही. तो नियम देशभर एकच. तरीही महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र आणि गुजरातमध्ये त्याची लागवड आहे हे केंद्राच्याच तज्ज्ञ समितीने नोंदवले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरले. हे बियाणे चांगले की वाईट हा वाद मी इथे घेत नाही. मला त्यातली अंमलाची बाजू दिसते. उघडपणे पेरणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात, कारण ते दिसतात. ते तयार करणारे, पाकिटात भरणारे आणि सीमेपलीकडून आणणारे यांच्यावर कोणत्या राज्यात काय कारवाई झाली आणि तिचे पुढे काय झाले, हे चार राज्ये शेजारी ठेवून पाहता येत नाही. एक राज्य ढिले राहिले की बाकीच्या तिघांची कडक तपासणी वाया जाते. हा ढिलेपणा कोणाचा, हे झाकलेले असल्यामुळे प्रत्येक राज्य शेजाऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होते.

कीटकनाशकांच्या बाबतीत हा झाकलेपणा माणसांच्या जिवावर बेतला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात गेले. राज्याने विशेष तपास पथक नेमले आणि मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थ्युरॉन यांसह पाच औषधांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. काही काळच, कारण १९६८ च्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे राज्याला आधी ६० दिवस आणि चौकशी लांबली तर आणखी ३० दिवस एवढीच मुभा आहे. आदिलाबादेतल्या दुकानाला महाराष्ट्राची ही बंदी लागू नव्हती. म्हणजे राष्ट्रीय नोंदणीचे औषध, एका राज्यात तात्पुरते बंद, शेजारी चालू, आणि मुदत संपल्यावर पुन्हा सगळीकडे चालू. केंद्राने मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे मिश्रण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला तो २०२३ मध्ये. सहा वर्षे गेली. या मधल्या काळात कोणत्या जिल्ह्यात कोणत्या औषधाने किती विषबाधा झाल्या याची एकसारखी सार्वजनिक नोंद राज्याराज्यांत असती, तर हा निर्णय इतका रेंगाळू देणे अवघड झाले असते असे मला ठामपणे वाटते.

३. रिकामी राहिलेली खुर्ची

घटनाकारांना हा प्रश्न दिसला होता. राज्यघटनेचा तेरावा भाग, कलम ३०१ ते ३०७, देशांतर्गत व्यापाराच्या स्वातंत्र्यासाठी आहे. कापसाची सरकी आणि कच्चा कापूस यांचा तर समवर्ती सूचीत नावाने उल्लेख आहे. कलम ३०७ सांगते की या तरतुदी अमलात आणण्यासाठी संसद एक प्राधिकरण नेमू शकेल. सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात असे तज्ज्ञ प्राधिकरण नेमण्याची शिफारस केली. ते आजतागायत नेमलेले नाही.

मग त्या जागी काय आले? न्यायालये आली. १९६० च्या आतियाबारी निकालापासून २०१६ च्या नऊ न्यायाधीशांच्या जिंदल स्टेनलेस निकालापर्यंत सर्वोच्च न्यायालय राज्यांचे कर कलम ३०१ मध्ये बसतात का हेच तपासत राहिले. हे काम मोलाचे आहे, पण न्यायालय नियमाची वैधता पाहते. पुसदच्या गोदामात नमुना घेतला आणि निझामाबादेत घेतला नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे सहसा येतच नाही. वस्तू व सेवा कर परिषद आली. तिच्यात राज्यांना दोन तृतीयांश मताधिकार आहे, आणि कलम २७९अ मध्ये वाद सोडवण्याची यंत्रणा उभी करण्याची जबाबदारीही तिच्यावर आहे; ती यंत्रणा कागदावरच राहिली. अन्नसुरक्षेत थोडे बरे चित्र आहे. २००६ च्या कायद्याखालचे केंद्रीय प्राधिकरण २०१९ पासून राज्यांचा अन्नसुरक्षा निर्देशांक प्रसिद्ध करते. त्यातून राज्याची क्षमता कळते. अमुक हळदीच्या अमुक लॉटचे काय झाले, हे कळत नाही.

४. युरोपने काय उघडले, काय झाकले

समान बाजार आणि सार्वभौम राज्ये यांचा मेळ घालण्याचा सर्वांत मोठा प्रयोग युरोपीय संघाचा, म्हणून तो तपासणे भाग आहे. तिथेही नियम ब्रसेल्समध्ये ठरतात आणि बहुतांश अंमल सदस्य देश करतात. १९७९ मध्ये फ्रान्सच्या एका मद्याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने तत्त्व घालून दिले की एका देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल दुसऱ्या देशाने सबळ कारणाशिवाय अडवू नये. हे तत्त्व विश्वासावर चालते, आणि शेजाऱ्याचा अंमल दिसत असेल तरच विश्वास टिकतो. म्हणून १९९७ पासून तिथे प्रत्येक देशाने समान नियम किती वेळेत आणि किती नीट लागू केले याचे गुणपत्रक प्रसिद्ध होते. नियम मोडणाऱ्या सदस्य देशाला आयोग आधी औपचारिक पत्र देतो, मग सकारण मत, मग न्यायालय. कोणत्या देशाविरुद्ध कोणते प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे हे कोणालाही पाहता येते. खाद्यपदार्थांत धोका आढळला तर त्याची सूचना सार्वजनिक प्रणालीवर येते. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड आढळल्याचे बेल्जियमने कळवले तेव्हा ती बातमी इथल्या निर्यातदारांपर्यंतही पोचली.

कीटकनाशकांची तुलना तर थेट आपल्या कलम २७ शी होते. युरोपात मूळ घटकाला मान्यता संघ देतो, उत्पादनाला परवाना सदस्य देश देतो, आणि आणीबाणीत १२० दिवसांची सूट देण्याची मुभा देशांना आहे. या सवलती आयोगाला कळवाव्या लागतात आणि त्यांची नोंद सार्वजनिक आहे. मधमाश्यांना घातक ठरलेल्या तीन निओनिकोटिनॉइड औषधांवर २०१८ मध्ये उघड्या शेतातील वापराची बंदी आली, तरी काही देश वर्षामागून वर्ष ‘आणीबाणी’ दाखवत राहिले. नोंद उघड असल्यामुळे नागरिकांच्या संघटनांना ते दाखवून देता आले, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अशा प्रक्रिया केलेल्या बियाण्यांसाठीची पळवाट बंद केली. उघड नोंदीतून दुरुस्ती कशी घडते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पण युरोपचा आदर्श अर्धाच आहे. आयोग आणि सदस्य देश यांच्यातला पत्रव्यवहार, ज्यात देश आपल्या चुकीचे समर्थन कसे करतो ते लिहिलेले असते, तो चौकशी चालू असेतो बंद राहतो. पोर्तुगालमधल्या एका निसर्गसंस्थेने धरणासंबंधीची अशी कागदपत्रे मागितली, तेव्हा २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती सामान्यतः गोपनीय धरावीत असे ठरवले. कारण दिले ते असे की मोकळ्या वाटाघाटीतून देश लवकर सुधारतो. मला हा निकाल पटत नाही. वाटाघाटीला मुदत नसेल तर गोपनीयता सुधारणेला नव्हे, दिरंगाईला पोसते.

५. शेअर घेणारा आणि बियाणे घेणारा

आपल्याकडे हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. सेबी एखाद्या दलालावर किंवा कंपनीवर कारवाई करते तेव्हा तिचा आदेश नाव, तथ्ये आणि कारणांसह प्रसिद्ध होतो. रिझर्व्ह बँक दंड केलेल्या बँकेचे नाव आणि रक्कम जाहीर करते. त्यात विदर्भातल्या छोट्या सहकारी बँकाही असतात. बँकांचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात देण्यास रिझर्व्ह बँकेने नकार दिला, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो नकार अमान्य केला. नियामकाची बांधिलकी जनतेशी आहे, ज्याची तपासणी करायची त्या बँकेशी विश्वासाचे नाते सांगून त्याला माहिती दडवता येत नाही, हे त्या निकालाचे सूत्र.

पाच हजारांचा शेअर घेणाऱ्याला मिळणारे संरक्षण कर्ज काढून पाच एकरांचे बियाणे घेणाऱ्याला का नाही, याचे तात्त्विक उत्तर मला कुठेही सापडत नाही. व्यावहारिक उत्तर मात्र स्पष्ट आहे: गुंतवणूकदार संघटित आहे, इंग्रजी वाचतो, वकील लावतो. त्याच्या बाजारात गोपनीयता महाग पडते, म्हणून ती सोडावी लागली. सरकीच्या बाजारात ती अजून स्वस्त आहे.

६. आक्षेप

पहिला आक्षेप कृषी सेवा केंद्रवाल्यांचा आणि तो गंभीर आहे. सीलबंद पाकीट कंपनीचे, नमुना दुकानातून घेतलेला. निकाल जाहीर झाला तर गावात नाव दुकानदाराचे जाईल. २०२३ मध्ये महाराष्ट्राने बोगस निविष्ठांविरुद्ध कडक विधेयके आणली तेव्हा विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली ती याच भीतीने. उपाय नोंद कशी करायची यात आहे. नमुना सीलबंद होता की सुटा, लॉट कोणाचा, दुकानदाराकडे खरेदीचे बिल होते का, हे रकाने असले की दोष योग्य दारात जातो. खरे तर आजच्या झाकलेल्या पद्धतीतच दुकानदार अधिक असुरक्षित आहे, कारण अफवेला खोडायला त्याच्याकडे कागद नसतो.

दुसरा आक्षेप असा की प्रयोगशाळेचे निकाल चुकतात. बरोबर आहे; म्हणूनच कायद्यात दुसरा नमुना केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय आहे. ‘पहिला निकाल, फेरतपासणी बाकी’ एवढे लिहायला जागा लागते किती? उलट दोन प्रयोगशाळांचे निकाल वारंवार जुळत नसतील तर तेही दिसले पाहिजे.

राज्यांच्या स्वायत्ततेचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण शेती आणि बाजार हे राज्यसूचीतले विषय आहेत आणि २०२० च्या कायद्यांनी राज्यांना डावलल्याचे दुःख खरे होते. पण उघड नोंद कोणाचाही अधिकार काढून घेत नाही. महाराष्ट्राने एचटीबीटीवर सौम्य राहायचे ठरवले तर तो राजकीय निर्णय असू शकतो. तो विधानसभेत सांगून घ्यावा, निरीक्षकाच्या फायलीत गुपचूप घडू नये. मतदाराला न सांगता घेतलेली सवलत ही स्वायत्तता नसते.

राहिला तो आक्षेप की शेतकरी हे कुठे वाचणार. त्यानेच वाचले पाहिजे असे नाही. अकोल्याचे आणि परभणीचे कृषी विद्यापीठ वाचेल, प्रतिस्पर्धी कंपनी वाचेल, तालुक्याचा वार्ताहर वाचेल, पीककर्ज देणारी सोसायटी वाचेल.

७. नोंदीत काय असावे

मागणी मोठी नाही. प्रत्येक नमुन्यासाठी तारीख, तालुका, कंपनी, वाण किंवा औषध, लॉट क्रमांक, निकाल, फेरतपासणीचा निकाल, झालेली कारवाई. कारवाई सोडून दिली असेल तर तिचे कारण आणि ती सोडणाऱ्या अधिकाऱ्याचे पद. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीलाही हेच लागू व्हावे. ओलावा आठ ते बारा टक्के ही मर्यादा देशभर एकच आहे. कोणत्या केंद्रावर किती गाड्या कोणत्या ओलाव्याला परत गेल्या, हे केंद्राकेंद्रागणिक शेजारी ठेवून पाहता आले तर मीटर कुठे वेगळा चालतो ते कळेल. ही नोंद मराठीत हवी, तेलुगूत हवी, आणि सर्व राज्यांचे रकाने सारखे हवेत, नाहीतर तुलना होणार नाही.

यासाठी कलम ३०७ च्या प्राधिकरणाची वाट पाहण्याची गरज नाही, जरी ते नेमणे हे संसदेचे थकलेले कर्तव्य आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ खात्यांना स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला आजच सांगते. पेरणीच्या आधी उपयोग व्हायचा तर मागच्या हंगामाची पूर्ण नोंद मेच्या मध्यापर्यंत आणि चालू हंगामाचे निकाल आठवड्याच्या आठवड्याला यायला हवेत. महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन सरकारांनी यवतमाळ, नांदेड आणि आदिलाबाद एवढ्या तीन जिल्ह्यांपुरती, फक्त कापसाच्या बियाण्याची, एक सामायिक यादी येत्या खरिपाआधी काढावी. तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे पद लागत नाही, आणि लागणारी माहिती दोन्ही कृषी खात्यांच्या कपाटात आहे.